शाळेसमोरची वेगमर्यादा खरी कधी ठरते?

प्रश्न एका आईचा आहे. तिची मुलगी पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत तिसरीत शिकते. शाळेसमोर दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता आहे, मध्ये दुभाजक आणि फाटकासमोरच दुभाजकाला एक खिंड. फाटकाजवळ ‘पुढे शाळा आहे, वेगमर्यादा २०’ असा फलक असून त्याखाली एका बँकेची जाहिरात आहे. ती लिहिते, “गाड्या साठने जातात. चौकातल्या हवालदारांना विचारलं तर म्हणाले, मॅडम, वेगाची पावती आम्हाला अशी फाडता येत नाही. मग ही पाटी कशाला लावली? नियम काय आहे, तो कोण राबवतं आणि आम्ही पालकांनी कुणाकडे जायचं?”

ताई, हवालदार खरं तेच बोलले. मी गेली २६ वर्षं वाहतूक अभियंता म्हणून काम करतो आहे, त्यातली बरीचशी पुण्यात, पादचारी आणि वेग याच विषयावर. तुमच्यासारखा प्रश्न मला दर जूनमध्ये कुणीतरी विचारतं. उत्तर मोठं आहे, पण ते पूर्ण वाचा. चुकीच्या कार्यालयात चुकीचा अर्ज देऊन वर्षच्या वर्ष वाया घालवलेले पालक मी पाहिले आहेत.

आधी पाटीबद्दल. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला ताशी ७० किलोमीटर आणि दुचाकीला ६० ही कमाल मर्यादा आहे. वेगळा आदेश नसेल तर हाच आकडा लागू होतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या शाळेसमोरून साठने गेलेला दुचाकीस्वार निष्काळजी असेल, पण वेगमर्यादा मोडल्याच्या कलमात तो बसत नाही. हे वाचून राग येईल. मलाही येतो.

मर्यादा कमी करण्याची वाट मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्य शासनाला, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, एखाद्या भागात किंवा रस्त्यावर कमी मर्यादा ठरवता येते. पण त्यासाठी दोन गोष्टी जोडीने हव्यात. एक, राजपत्रात अधिसूचना. दोन, कलम ११६ प्रमाणे योग्य जागी लावलेलं वाहतूक चिन्ह. नुसती पाटी चालत नाही, तसा नुसता कागदही चालत नाही. कलम ११२ मध्येच एक सवलत आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही. प्रयोग करून बघायला एक महिना पुरतो. यावर पुढे येतो.

बँकेच्या जाहिरातीचा फलक या हिशेबात कुठेच बसत नाही. ‘वाहने सावकाश हाकावीत’ ही जुनी पाटी जशी विनंती असायची, तशीच ही. चिन्हांमध्येही फरक आहे. लाल काठाच्या त्रिकोणात दोन मुलं धावताना दाखवली असतील तर ते सावधानतेचं चिन्ह. पुढे शाळा आहे एवढंच ते सांगतं, वेग बांधत नाही. लाल काठाच्या गोलात आकडा असतो ते आदेशाचं चिन्ह, आणि ते मोडलं तर गुन्हा होतो. पुण्यातल्या बऱ्याच शाळांसमोर मला त्रिकोण दिसतो, गोल दिसत नाही. गोल असला तर अनेकदा झाडाच्या फांदीआड असतो, किंवा शाळेच्या भिंतीला इतका चिकटून असतो की दिसेपर्यंत गाडी फाटकाशी पोचलेली असते. चिन्ह शाळेच्या आधी, वेग कमी करायला पुरेल इतक्या अंतरावर हवं. मर्यादा कुठे संपते तेही दाखवायला हवं.

आता हवालदारांकडे वळू. कलम १८३ चं तिसरं पोटकलम असं आहे की फक्त एका साक्षीदाराच्या मतावर, की ‘गाडी जोरात होती’, कुणालाही वेगाच्या गुन्ह्यात दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं. ही तरतूद मला योग्य वाटते. लाल गाडी आवाज करत आली की ती जोरात आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि गुपचूप जाणारी पांढरी मोटार तिच्यापेक्षा वेगात असू शकते. पण याचा परिणाम असा की हातात स्पीडगन नसलेला पोलीस वेगाची कारवाई करूच शकत नाही. फार तर धोकादायक वाहन चालवण्याचं कलम १८४ लावता येतं. त्यासाठी नुसता वेग पुरत नाही, त्या परिस्थितीत ते चालवणं लोकांना धोकादायक होतं हे दाखवावं लागतं.

दंडाचं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला वेगाच्या गुन्ह्यासाठी १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये अशी तरतूद कायद्यात आहे. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाला. दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो. माझ्या अनुभवात रकमेपेक्षा खात्री जास्त काम करते. वर्षातून एकदा दोन हजार जातील या भीतीने कुणी वेग कमी करत नाही. रोज सकाळी पकडलं जाईन असं वाटलं तर पाचशेलाही करतो.

यंत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पालक थेट ‘शाळेसमोर कॅमेरा लावा’ असं मागतात. पोलिसांकडे दोन प्रकारची हातातली यंत्रं असतात. रडारवर चालणारं यंत्र लहरी सोडतं, गाडीवर आपटून परतलेल्या लहरींच्या वारंवारतेत पडलेला फरक मोजतं आणि त्यावरून वेग काढतं. या लहरींचा झोत पसरट असतो. द्रुतगती मार्गावर एकामागून एक मोटारी येतात तिथे ठीक, पण सातारा रस्त्यावर एका झोतात आठ दुचाकी, दोन रिक्षा आणि एक पीएमपीची शहर बस असते. आकडा नेमका कुणाचा, हा वाद तिथेच सुरू होतो. लेझरच्या यंत्राचा झोत अरुंद असल्याने घोळक्यातली एक गाडी निवडता येते. आपल्या शहरातल्या रस्त्यांना लेझरच हवं. शिवाय यंत्र रस्त्याला तिरपं धरलं तर ते खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. कोन २० अंशांचा असेल तर ५० ची गाडी ४७ दिसते. म्हणजे ही चूक चालकाच्या बाजूने झुकते, त्याच्यावर अन्याय होत नाही. ‘यंत्र तिरकं धरून मला फसवलं’ अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती भौतिकशास्त्राला धरून नाही.

रस्त्यावर कायमचं बसवलेलं यंत्र असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १६७-अ हा नियम लागतो. तो ऑगस्ट २०२१ मध्ये आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी चालकाला सूचना देणारा फलक हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत सूचना गाडीमालकापर्यंत जायला हवी. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांतल्या महत्त्वाच्या चौकांत अशी यंत्रं बसवायला नियमच सांगतो, त्यामुळे पुण्यात मागणी करायला आधार आहे. पण कॅमेरा महाग, त्याची देखभाल किचकट, आणि शहरात शेकडो शाळा. तुमच्या शाळेचा नंबर कधी लागेल याची वाट पाहण्यात मुलगी दहावी होईल.

एक गोष्ट मी स्वतः पाहिली, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका उपनगरातल्या शाळेसमोर आम्ही वेग मोजत होतो. पहिले दोन आठवडे पोलीस नव्हते. मग आठवडाभर सकाळी दोन तास स्पीडगन घेऊन कर्मचारी उभे राहिले. त्या दोन तासांत वेग चटकन खाली आला. शाळेच्या पुढे साधारण तीनशे मीटरवर आमचं दुसरं मोजणीचं ठिकाण होतं. तिथे गाड्या नेहमीपेक्षा जोरात होत्या. फाटकापाशी गेलेला वेळ लोक पुढे भरून काढत होते. आणि त्या तीनशे मीटरवर मुलांचा बसथांबा होता. पोलीस उठले, दुसऱ्या सोमवारी सगळं पूर्वीसारखं झालं. पोलिसांनी त्यांचं काम नीट केलं होतं. पण शहरात त्यांना इतकी ठिकाणं सांभाळायची असतात की एका फाटकाशी कायमचं उभं राहणं कुणाकडूनच होणार नाही.

त्याच काळात दुसऱ्या एका ठिकाणी आणखी कडू अनुभव आला. २५ चे गोल फलक लागले, कारवाईही झाली. मग एका वाहनमालकाने चलनाला आव्हान देऊन एवढंच विचारलं, की ही मर्यादा कोणत्या आदेशाने आहे? आदेश सापडेना. फलक आधी लागले होते, कागद राहून गेला होता. तेव्हापासून माझा एकच आग्रह असतो, आधी आदेशाचा क्रमांक दाखवा, मग खांब रोवा.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती पालकांनी पक्की धरावी असं मला मनापासून वाटतं. ती म्हणजे थांबायला लागणारं अंतर. ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. समोर मूल दिसणं, डोक्यात प्रकाश पडणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात चांगल्या चालकाचाही दीड सेकंद जातो. पावसाळ्यातला ओला डांबरी रस्ता धरा. ३० ने येणारी गाडी या दीड सेकंदात साडेबारा मीटर आणि ब्रेक लागल्यावर सात मीटर, अशी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ५० ने येणाऱ्या गाडीचे पहिले २१ मीटर ब्रेक लागायच्या आधीच जातात, पूर्ण थांबायला ४० लागतात. म्हणजे तुमची मुलगी गाडीपासून २० मीटरवर अचानक रस्त्यात उतरली, तर ३० ची गाडी तिच्या पायाशी थांबेल, आणि ५० ची गाडी तिला पूर्ण ५० च्या वेगानेच धडकेल. ‘वीसने काय फरक पडतो’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

दुसरा हिशेब मुलांच्या बाजूने. लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं. १२ मीटरचा रस्ता न थांबता ओलांडायला १२ सेकंद. तेवढ्यात ५० ची गाडी १६७ मीटर पुढे येते, ३० ची १००. पावणेदोनशे मीटरवरची गाडी किती जोरात येते आहे याचा अंदाज आठ वर्षांच्या मुलीला येत नाही. तिला कितीही शिकवलं तरी येत नाही, कारण ती क्षमता वयानेच येते. त्यात तिची उंची उभ्या मोटारीच्या बॉनेटपेक्षा जेमतेम जास्त. चालकाला ती दिसत नाही आणि तिला गाडी दिसत नाही. म्हणून ‘मुलांना रस्ता ओलांडायला शिकवा’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. शिकवायचं आहेच, पण ओझं तिच्या खांद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना पायी माणसं आणि वाहनं एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा सांगते, आणि रस्ते सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही तोच आकडा आहे. तुमच्या फलकावर २० आहे. मोठ्या रस्त्यावर तो कुणी पाळणार नाही, आणि जो आकडा कुणीच पाळत नाही तो बाकीच्या आकड्यांचीही किंमत घालवतो. गल्लीतल्या शाळेसाठी २५ आणि तुमच्यासारख्या रस्त्यासाठी ३० मागा. फक्त तो ३० रस्त्याने पाळायला लावला पाहिजे.

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. चालक पाटी वाचून वेग ठरवत नाही. समोरचा रस्ता बघून ठरवतो. रुंद, सरळ, गुळगुळीत, वळणांचे कोपरे मोठ्या गोलाईचे असतील, तर रस्ताच त्याला साठ म्हणतो आणि पाटी तीस म्हणत राहते. या भांडणात रस्ता जिंकतो. म्हणून पैसा आणि जोर आधी बांधणीवर लावा, पोलिसांवर त्यानंतर.

गतिरोधकाचं उदाहरण घेऊ. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधक असा सांगितला आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. असा गतिरोधक २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येतो आणि ४० ला चांगला दणका देतो. आपल्याकडे बसवतात ती हातभर रुंदीची रबरी पट्टी, नाहीतर रात्रीत ओतलेला डांबराचा वरवंटा. अरुंद पट्टीचा दोष असा की सावकाश गेलं तर हाडं खिळखिळी होतात आणि जोरात गेलं तर मोटारीचं सस्पेन्शन दणका पोटात घेतं, आत बसलेल्याला कमी जाणवतं. म्हणजे सावकाश जाणाऱ्याला शिक्षा आणि जोरात जाणाऱ्याला सूट. शिवाय कडेला गटाराजवळ हातभर जागा सोडलेली असते, दुचाकी तिथून निघतात, आणि मुलं नेमकी तिथूनच चालत असतात. तुमच्या सोसायटीतलं कुणी स्वतःच्या खर्चाने पट्टी ठोकायला निघालं असेल तर कृपा करून थांबवा. रात्री विनारंगाच्या, विनाफलकाच्या गतिरोधकावरून दुचाकी उडून माणसं दगावली आहेत. कायद्यात २०१९ पासून कलम १९८-अ आहे. रस्त्याच्या रचनेत ठरलेली मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तुमच्या जागेसाठी मी गतिरोधकाऐवजी उंचावलेलं क्रॉसिंग मागेन. झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीवर आणायचं, दोन्ही बाजूंना चढ-उतार द्यायचा. गाडीला ते गतिरोधकासारखं वाटतं, मुलांना फुटपाथ सलग मिळतो, पाणी साचत नाही, आणि सपाट माथा पुरेसा लांब ठेवला तर पीएमपीच्या मागच्या सीटवरच्या माणसाचीही कंबर वाचते. सोबत क्रॉसिंगपाशी फुटपाथ रस्त्यात थोडा पुढे काढायचा. त्याने ओलांडायचं अंतर दोन-तीन मीटरने कमी होतं, आणि तिथे कुणाला गाडी लावता येत नसल्यामुळे मूल आणि चालक एकमेकांना दिसतात. दुभाजकातली खिंड मात्र आहे तशी ठेवू नये. तिथे यू-टर्न घेणाऱ्या गाड्या आणि ओलांडणारी मुलं एकाच तोंडातून जातात. वाहनांसाठी ती बंद करून मुलांना उभं राहता येईल एवढी रुंद सुरक्षित जागा तिथे करायला हवी.

महापालिकेला हे नवं नाही. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे, रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच सुमाराची. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ करून दाखवलेला आहे. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, त्यांच्याच धोरणाची आठवण करून देत आहात, असंच अर्जात लिहा.

पेठांतल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथे प्रश्न उलटा आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, हुजूरपागा १८८४ ची. या शाळा उभ्या राहिल्या तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर मोटार नव्हती. शाळेने रस्ता अडवला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकेरी झाल्यापासून समोरून काही येणार नाही या भरवशावर, रस्ता मोकळा मिळाला की लोक गाडी सोडतात. गर्दीच्या वेळी वेग आपोआप कमी असतो, त्यामुळे अधिकारी दहा वाजता येऊन बघतात आणि ‘इथे वेगाचा प्रश्नच नाही’ असा शेरा मारून जातात.

याच मुद्द्यावर तुम्हालाही सावध करतो. शाळा भरताना फाटकासमोर इतकी कोंडी असते की गाड्या सरकतच असतात. धोका असतो तो वीस मिनिटं आधी, वीस मिनिटं नंतर, आणि फाटकापासून शंभर-दोनशे मीटरवर, जिथे रिक्षावाले काका मुलांना पलीकडच्या बाजूला उतरवतात. पुण्यात बऱ्याच शाळा दोन वेळांत भरतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितल्यापासून काही ठिकाणी मोठी मुलं सातला, धाकटी नऊला अशी ये-जा दिवसभर चालते. ‘सकाळी ७ ते ८ कारवाई करावी’ एवढंच लिहिलंत तर दुपारी साडेबाराला सुटणारी मुलं त्यातून सुटतील.

म्हणून आधी मोजा. हे काम तुम्ही स्वतः करू शकता. विजेचे दोन खांब निवडा, टेपने त्यांच्यातलं अंतर मोजा. ५० मीटर मिळालं तर उत्तम, नाहीतर खडूने खूण करा. दोन्ही खुणा दिसतील अशा एका जागी, फुटपाथवर उभ्या राहा. गाडी पहिल्या खुणेशी आली की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू, दुसरीशी आली की बंद. ५० मीटरला सहा सेकंद लागले तर वेग ३०, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०, तीनच लागले तर ६०. (१८० ला सेकंदांनी भागा.) मोकळी येणारी गाडीच धरा, दुसरीच्या मागे अडकलेली नको. अशा १०० गाड्या, वेगवेगळ्या वेळी. सगळे वेग चढत्या क्रमाने लिहा आणि ८५ व्या क्रमांकाचा आकडा अधोरेखित करा. आम्ही अभियंते वेगाचा विचार याच आकड्याने करतो, त्यामुळे तो कागदावर दिसला की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो. न्यायालयात ही मोजणी चालणार नाही. बैठकीत चालते.

बैठक कुठे, तर शाळेत. महाराष्ट्रात स्कूल बसबाबत २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सदस्यांत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस निरीक्षक, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, स्थानिक प्राधिकरणाचा माणूस. म्हणजे ज्या चार दारांवर तुम्ही वेगवेगळ्या फिरणार आहात, ती माणसं नियमानेच एका टेबलाभोवती बसायला हवीत. अनेक शाळांत ही समिती कागदावर असते. मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन बैठक मागा आणि इतिवृत्त लिहून घ्या. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा समितीचा ठराव पुढे लवकर सरकतो.

त्यानंतर दोन पत्रं. पहिलं पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना. मजकूर छोटा ठेवा: अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत कलम ११२ प्रमाणे ३० ची मर्यादा ठरवण्याची कार्यवाही व्हावी, तोवर एक महिन्याचा तात्पुरता निर्बंध लावून पाहावा, शाळेच्या वेळांत अवजड वाहनांना कलम ११५ प्रमाणे बंदी असावी, सोबत वेगाची मोजणी जोडली आहे. पुण्यात पार्किंग, एकेरी वाहतूक, जड वाहनबंदी यांचे आदेश उपायुक्त नेहमी काढतात, नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. असा आदेश निघाला की शंभर पालकांनी लेखी पाठिंबा द्या. हरकत घेणारे नेहमी लिहितात, पाठिंबा देणारे घरी बसतात, आणि फाइलमध्ये फक्त हरकती दिसतात.

दुसरं पत्र महापालिकेच्या पथ विभागाला, प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना. त्यात उंचावलेलं क्रॉसिंग, दुभाजकातली खिंड, गोल चिन्हं आणि पट्टे, एवढंच. पत्र दिवाळीच्या सुमारास द्या. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव तेव्हा सुरू होते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर निधी आधीच दुसऱ्या कामांना वाटून झालेला असतो किंवा रस्ता दुसऱ्याच कामासाठी खणलेला असतो.

स्कूल व्हॅनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण वेगाचा एक भाग आपणच भाड्याने घेतलेला असतो. कलम १८३ मध्ये असंही आहे की आपल्या हाताखालच्या चालकाला जादा वेगाने गाडी चालवायला लावणाराही दोषी ठरतो. आणि वेग मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असं वेळापत्रक दिलं, तर ते वेळापत्रकच प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. व्हॅनवाले काका दोन शाळांच्या फेऱ्यांत बारा मिनिटांचं अंतर ठेवतात, ते पाळायला कात्रजचा चढ कसा चढतात हे एकदा त्यांच्याशेजारी बसून बघा. त्यांच्यावर ओरडू नका. फेऱ्यांच्या वेळा समितीत मांडा.

आणि दुचाकीवरून मुलं सोडणारे आपण सगळे. चार वर्षांपर्यंतचं मूल मागे असेल तर दुचाकीचा वेग ४० च्या वर जाता कामा नये, मुलाला हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा हवा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सकाळी शाळेच्या रस्त्यावर मोजणी केली तेव्हा जोरात जाणाऱ्यांत मुलाला सोडून ऑफिसला निघालेले पालक बरेच होते. तुमच्याही शंभरांत ते येतील. ती नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा आणि पालकसभेत वाचून दाखवा.

आरएसपीची (शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकाची) मुलं आणि वाहतूक वॉर्डन यांचा उपयोग आहे, पण त्यांना चलन करण्याचा अधिकार नाही. मुलांना वाहत्या रस्त्याच्या मध्ये उभं करू नका. त्यांची जागा फुटपाथच्या काठावर, ओलांडणाऱ्यांना थोपवून धरायला. गाड्या थांबवायला मोठा माणूस, चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि हातात थांबा लिहिलेली पाटी हवी.

तुम्ही मोजणी केलीत की त्यासोबत चार आकडे मला कळवा: फुटपाथच्या कडेपासून दुभाजकापर्यंतची रुंदी, दुभाजकाची रुंदी, खिंडीची लांबी आणि फाटकापासून जवळच्या पीएमपी थांब्याचं अंतर. त्यावरून क्रॉसिंग खिंडीच्या कुठल्या बाजूला घ्यायचं आणि थांबा हलवावा लागेल का, हे रेखाकृती काढून सांगता येईल. ती रेखाकृती पथ विभागाच्या पत्राला जोडा.